पहिली मूठ

डब्यात हात घातला आणि बोटं सरळ बुडाच्या पत्र्याला लागली. डबा रिकामा होता. झालं ते एवढंच. राजपालच्या चक्कीत रोज सकाळी याहून मोठ्या गोष्टी घडत. पट्टा सुटायचा, लाइट जायची, कोणाच्या तरी कणकेत कोणाची तरी कणीक मिसळायची आणि वाशीमच्या त्या अरुंद गल्लीत दुपारपर्यंत त्यावर भांडण चालायचं. त्यातलं काहीच त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. डबा रिकामा म्हणजे भरायचा. तो वळला, मोठ्या चक्कीपाशी उभ्या असलेल्या पोत्याकडे गेला, मूठ भरून गहू घेतला आणि छोट्या चक्कीकडे परत येताना मधल्या पडद्यापाशी त्याचे पाय थांबले. निळ्या ताडपत्रीचा हा पडदा त्यानेच लावला होता, मोठ्या चक्कीतलं गव्हाचं पीठ उडून इकडे येऊ नये म्हणून. या पडद्याच्या अलीकडे गव्हाचा एक दाणा येता कामा नये, असं त्याने गिऱ्हाइकांना बजावलं होतं, बायकोला बजावलं होतं, पीठ मागायला येणाऱ्या गोसाव्यालासुद्धा बजावलं होतं. आणि आता गहू घेऊन पडद्यापाशी उभा होता तो स्वतः. त्याने मूठ उघडून पाहिली. गहूच होता. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी तो पाहत राहिला.

चक्की रिकामी फिरवायची नाही, हा त्याच्या बापाचा, भाऊसिंगचा नियम. दगडावर दगड घासला की दगडाची खर निघते आणि लोकांच्या भाकरीत कच लागते. शिवाय रात्रभरात चक्कीच्या तोंडात काय काय पडून राहतं: जाळ्या, पाखरांचे पंख, मुंग्या, कधी पालीची लेंडी. म्हणून सकाळी बटण दाबलं की आधी मूठभर गहू टाकायचा. तो दळला जाताना घाण सोबत घेऊन बाहेर पडतो. ते पीठ बाजूला काढायचं, भिंतीलगतच्या मुंग्यांना घालायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या दाण्याला हात लावायचा. भाऊसिंग याला चक्कीचं तोंड धुणं म्हणायचा. मूठ गव्हाचीच का, हे लहानग्या राजपालने एकदा विचारलं होतं. "जवारी कोरडी राह्यते," बाप म्हणाला होता, "ते आपली आपली निंघून जाते. गहू चिकट राह्यते, घान धरून आनते." मोठी चक्की गव्हाचीच असल्यामुळे तिथे प्रश्न नव्हता, पण भाऊसिंग छोट्या चक्कीतही, जिच्यावर ज्वारी, डाळी आणि ज्वारी-उडदाचा कळणा दळला जाई, तिच्यातही पहिली मूठ गव्हाचीच टाकायचा. बाप गेला आणि हात राहिला. राजपालचा हात रोज सकाळी ती मूठ टाकत आला होता. त्यासाठी डोक्याची परवानगी लागत नव्हती. आपण उठल्यावर तोंड धुतलं की नाही हे कोणी दुपारी आठवत बसतं का? तसंच ते होतं. आणि पोरीसाठी दळताना तर त्याने त्यातही कसूर केली नव्हती. पोत्यातला गहू नको, त्यात माती असते, म्हणून त्याने निवडलेला, पाखडलेला गहू एका झाकणाच्या डब्यात भरून छोट्या चक्कीच्या डोक्यावर ठेवला होता, धान्य म्हणून नव्हे, तोंड धुवायच्या राखुंडीसारखा. तोच डबा आज संपला. संपला नसता तर हात नेहमीसारखा वर गेला असता, मूठ पडली असती, आणि राजपालला आणखी किती दिवस काही कळलं नसतं हे देव जाणे.

पोरगी म्हणजे रेणू. दहा वर्षांची, दिसायला सातची. पोट पुढे, हातपाय काड्या, डोळ्यांखाली काळं, आणि जेवण झालं की गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात पडून राहायची. जंत झालेत म्हणून जंताची औषधं झाली. नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. रक्त कमी म्हणून बीट, गूळ, लोखंडाच्या तव्यातली भाजी झाली. काही लागू पडेना. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला काढला आणि नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. "सिलियाक म्हणतात याला. गव्हात जो चिकटपणा असतो ना, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते, तो तिच्या शरीराला शत्रू वाटतो. त्याच्याशी लढायला ते उठतं, आणि लढता लढता स्वतःचंच आतडं सोलून काढतं. औषध नाही. गहू आयुष्यभर बंद. पोळी बंद, बिस्कीट बंद, शेवया, रवा, मैदा बंद. कणभरसुद्धा नको." त्याची बायको रीता रडायला लागली. राजपालला रडू आलं नाही. त्याला आपल्या शर्टाकडे पाहावंसं वाटलं. गावाला जायचं म्हणून त्याने धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण शिवणीत, गुंड्यांच्या भोकांत पांढरं होतंच. चक्कीवाल्याच्या अंगावरून ते कधी पुरतं जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "चक्की आहे साहेब." डॉक्टरांनीही त्याच्या शर्टाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काळजी घ्यावी लागेल."

परतीच्या एसटीत त्याला आठवत होत्या त्या पोळ्या. भाऊसिंगच्या घरात गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच व्हायची. दिवसभर लोकांचा गहू दळायचा आणि रात्री ज्वारीची भाकर कुस्करायची. आपल्या लेकरांना रोज पोळी मिळेल, एवढीच मोठी इच्छा राजपालने लहानपणी मनात धरली होती आणि ती पुरीही केली होती. चांगला गहू आला की त्यातला थोडा तो मागून घ्यायचा, स्वतः दळायचा, आणि रेणू बोबडं बोलायची तेव्हापासून गरम पोळीत तूप-गूळ कालवून आपल्या हाताने तिला भरवायचा. ती तोंड फिरवायची. तो म्हणायचा, "खा माय, बापाच्या घरचं आहे." ती खायची. खाऊन रडायची. रीता म्हणायची, तुम्ही फार ठासता. आता एसटीच्या खिडकीशी तो घास त्याला परत परत दिसत होता, आणि आपण इतकी वर्षं काय भरवत होतो याचा विचार करायचा की करायचाच नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तेव्हा त्याने एक केलं. विचार बाजूला ठेवला आणि कामाला लागला. आपल्याकडची माणसं असंच करतात.

काम म्हणजे ही छोटी चक्की. दगड खोलून त्याने ब्रशने घासले, आतला प्रत्येक कोपरा फडक्याने पुसला, पीठ पडायची कापडी बाही नवी शिवून आणली, डाळी-बिळी दुसरीकडे दळा म्हणून गिऱ्हाइकं परत पाठवली. फक्त ज्वारी. तीही शेलूबाजारच्या मेहुण्याच्या शेतातली. सकाळी मोठी चक्की सुरू व्हायच्या आत, हवा स्वच्छ असताना, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो रेणूपुरतं दळायचा. ती वेळ त्याला दिवसातली सगळ्यात चांगली वाटायची. गल्ली झोपेत असायची. समोर फय्याजच्या गादीच्या दुकानाचं शटर खाली असायचं. छोट्या चक्कीचा आवाज मोठीसारखा कर्कश नव्हता, गुणगुणल्यासारखा होता, आणि बाहीतून पडणारं कोमट पीठ हातावर घेताना त्याला वाटायचं, आपण चुकलो होतो ते आता निस्तरतोय. बापाने पोरीला गव्हाने दुखवलं, बापच तिला ज्वारीने बरं करील. पीठ घरी नेऊन रीताच्या हातात देताना तो रोज एकच वाक्य बोलायचा, "हे एकदम चोख आहे." रेणू अंथरुणात डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघायची आणि हसायची.

तरी ती बरी झाली नाही. म्हणजे थोडी झाली, पुरती झाली नाही. अधूनमधून पोट दुखायचंच, अर्धी भाकर पानात राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे शेलूबाजारला राहिली तेव्हा गाल भरले, रंग आला, झाडावर चढली म्हणून मामीने फोनवर तक्रार केली. रीता कौतुकाने म्हणाली, "माह्या माहेरचं पानी मानवते तिले." पाणी! आता पडद्यापाशी उभं राहून राजपालला ते वाक्य ऐकू आलं. तिकडे ज्वारी हीच होती, याच शेतातली. माणसं मायेची होती, पण काळजी इथल्याइतकी कोणी घेत नव्हतं. मामी गावातल्या जुन्या चक्कीवरून पीठ आणायची, जिच्यावर नुसती ज्वारी दळत, गहू दुसऱ्या चक्कीवर. पाणी नव्हतं मानवत. मूठ नव्हती पडत.

शाळा सुरू झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघून चष्मा काढला. "आकडा खाली यायला हवा होता. आला नाही. कुठून तरी गहू जातोय हिच्या पोटात." राजपाल जवळजवळ रागानेच म्हणाला होता, "शक्य नाही साहेब. मी स्वतः दळतो." तेव्हा डॉक्टरांनी रेणूकडे पाहिलं, मायेनेच पाहिलं, आणि म्हणाले, "मुलं बाहेर खातात हो. मित्र-मैत्रिणी देतात. विचारा तिला." मग घरी दोघांनी तिला विचारलं. मारलं नाही, ओरडलं नाही. रीता एकदा ओरडली, पण राजपालने तिला गप्प केलं. तो स्वतः रोज रेणूसमोर बसायचा आणि शांतपणे विचारायचा, "खरं सांग माय. मी रागवत नाही. कोठी खाल्लं?" ती म्हणायची, "नाई खाल्लं, पप्पा." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसायचा. आज त्याला कळत होतं की यापेक्षा दोन चापट्या बऱ्या होत्या. चापट मारली की लेकरू रडून मोकळं होतं. हा शांत आवाज मात्र तिच्या अंगावर रोज थोडा थोडा बसत गेला असणार. एक दिवस ती म्हणाली, "अर्शियाच्या घरी. ईदच्या दिशी. शेवया."

ते ऐकून आपल्याला काय वाटलं होतं, हे राजपाल आता लपवू शकत नव्हता. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. छातीवरून पोतं उतरावं तसं. म्हणजे चक्कीतून काही गेलं नव्हतं, आपल्या हातून काही झालं नव्हतं. दोष समोरच्या घराच्या शेवयांत होता. ईद कधीची, रक्त तपासलं कधी, एका वाटीने इतके महिने आकडा वर राहतो का, असं डॉक्टरांना विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. ज्याला उत्तर मिळालेलं असतं तो प्रश्न विचारत नाही. त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, "सांगतलं ते बरं केलं," म्हणाला, आणि त्याचा हात डोक्यावरून निघेपर्यंत रेणूने श्वास रोखून धरला होता, हेही त्याला दिसलं होतं. दिसलं होतं आणि त्याने ते सोडून दिलं होतं.

त्याच संध्याकाळी रीता रस्ता ओलांडून फय्याजच्या घरात गेली. दुकानामागेच त्यांचं घर. राजपाल चक्कीच्या उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता; थांबवू शकला असता. फय्याजची बायको ताजबी गादीला टाके घालत बसली होती. रीताचं बोलणं तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती सुईसकट उठली. "भाभी, खुदा की कसम, उसके वास्ते मैंने नया भगुना निकाली थी," ती म्हणाली. "चावल की खीर बनाई थी अलग से. चमचा भी अलग दी. अर्शिया के अब्बा को पूछो." रीता म्हणाली, "मंग माही पोरगी खोटी बोलते का?" ताजबीने आपल्या मुलीला बाहेर बोलावलं. अर्शिया रेणूच्याच वर्गातली, दोन वेण्यांची, बोलायला चटपटीत. ती म्हणाली, "नाई खाल्ल्या तिनं. मी शेवया खाऊन राह्यली होती तं ते दूर बसली होती." रीताने सगळ्यांदेखत त्या लेकराला सुनावलं, "आईनं शिकवलं वाटते खोटं बोलाले." गल्ली ऐकत होती. गल्लीतल्या लोकांना अशा वेळी ऐकायला बरं वाटतं, आणि कुठल्या घरच्या शेवया होत्या हेही त्यांनी लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून फय्याजचं दळण दुसऱ्या चक्कीवर जाऊ लागलं. दोघी पोरी एकमेकींचा हात धरून शाळेत जात, त्या रस्त्याच्या दोन कडांनी जाऊ लागल्या. रेणूने एकदाही काही म्हटलं नाही. तिने अर्शियाचं नाव घेणंच बंद केलं. घरात सगळ्यांना वाटलं, पोरीला पश्चात्ताप झाला.

त्याने मूठभर गहू पोत्यात परत टाकला, आणि तळहात पँटला पुसला. मग लक्षात आलं की पँटसुद्धा आता गव्हाची झाली. छोट्या चक्कीच्या दगडांच्या खाचांत किती महिन्यांचा गहू बसला असेल? आज लाइट उशिरा आल्याने दळायला उशीर झाला होता, आणि घरच्या पिठाच्या डब्यात कालचं दळण होतं. त्याने घाईघाईने रीताला फोन लावला. "ते पीठ फेकून दे. रेणूचं. भाकर नको टाकू."

"काहून? काय झालं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. "किडा निंघाला," तो म्हणाला.

"अवो, पर डबा तं घेऊन गेली ते. दोन भाकरी, आलूची भाजी. आज शनवार, सकाळची शाळा नाई का!"

फोन खिशात ठेवून तो स्टुलावर बसला. एव्हाना ललिताबाई गव्हाचा डबा घेऊन आली होती. ही म्हातारी रोज पहिली यायची आणि राजपालला दोन शब्द ऐकवल्याशिवाय तिचं पीठ गोड लागत नसे. "काय रे, चक्की बंद अन् चक्कीवाला बसून! बायकोनं घराबाहेर काढलं का काय?" तो हसला नाही. बटण दाबलं, तिचा गहू मोठ्या चक्कीत ओतला, आणि आवाजात त्याला बरं वाटलं, कारण आवाजात कोणी बोलत नाही. पांढरा धुरळा उठला आणि त्याच्या भुवयांवर, कानांवर, दंडांवर बसू लागला. कोणाला सांगायची गरजच काय, असं आतून कोणीतरी बोलत होतं, आणि ते जे बोलत होतं ते काही वाईट बोलत नव्हतं, समजूतदारपणे बोलत होतं. उद्यापासून मूठ टाकायची नाही. दगड पुन्हा धुवायचे, नाहीतर नवेच बसवायचे. पोरगी बरी होईल. आकडा खाली येईल. डॉक्टर म्हणतील, बघा, बाहेरचं बंद झालं आणि फरक पडला. रीता म्हणेल, मी सांगत नव्हते? चक्कीचं नाव राहील, बापाचं नाव राहील, आणि राजपाल अंघोळ करून पहाटे पोरीसाठी दळतो, ही गल्लीत सांगितली जाणारी गोष्ट तशीच सांगितली जाईल. नुकसान कोणाचं? दहा वर्षांच्या दोन पोरींचं. पोरी विसरतात. फय्याजशी पुढेमागे बोलून घेऊ, ईदला जाऊन गळाभेट घेऊ. समजूतदार आवाज असा पुढे पुढे जात होता, आणि राजपालला त्याचं पटतही होतं. नेमकं तेच त्याला सोसेना. रेणू कधी खोटं बोलत नव्हती, आणि आपण रोज समोर बसून, मायेने, तिच्याकडून खोटं काढून घेतलं. आता ती बरी झाली तर तिच्या स्वतःच्या शरीराचीच तिच्याविरुद्ध साक्ष होईल. बघा, शेवया बंद केल्या आणि बरी झाली. जन्मभर ती चोरून खाणारी पोरगी राहील, आणि अर्शिया खोटारडी. ती बरी व्हावी म्हणून तो देवाला हात जोडत आला होता, आणि आज तिच्या बरं होण्याचीच त्याला भीती वाटत होती. स्वतःच्या लेकराविषयी माणसाला असं वाटू शकतं, याची त्याला किळस आली.

"अरे, झालं माहं पीठ! दगड जळून राह्यला की!" ललिताबाई ओरडली. मोठ्या चक्कीतला दाणा संपून ती रिकामी फिरत होती, आणि दगडाचा करपल्यासारखा वास सुटला होता. त्याने बटण बंद केलं. शांत झालं तशी त्याला लांबून कुठल्या तरी शाळेची घंटा ऐकू आली. रेणूची शाळा इतकी जवळ नव्हती. ही दुसरी असणार. पण सगळ्या शाळांची मधली सुट्टी साधारण एकाच वेळी होते. तो उठला. "डबा घेऊन जा, मायबाई, पैसे राहू द्या," म्हणाला आणि अर्धं शटर ओढून मोटारसायकलवर बसला. म्हातारी मागून काहीतरी विचारत होती. समोर ताजबी गादीवर वाकली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. हिच्या दारात परत येऊन उभं राहायचं आहे, हे त्याने त्या क्षणी ठरवलं. पण आधी भाकर.

शाळेच्या फाटकातून तो आत शिरला तेव्हा मुलं व्हरांड्यात पंगतीने बसून डबे खात होती. त्याला पाहून काही जणांनी हसू दाबलं, कारण डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा होता. रेणू खांबाला टेकून एकटी बसली होती. गुडघ्यावर डबा. ती भाकर खात होती. खात होती म्हणजे तुकडा तोडून, बराच वेळ हातात धरून, मग डोळे मिटून तोंडात टाकत होती. तिला असं खाताना राजपालने कधी पाहिलं नव्हतं. घरी तो सकाळी पीठ देऊन चक्कीवर जायचा आणि रात्री यायचा तेव्हा तिचं जेवण झालेलं असायचं. "टाक ते," तो म्हणाला. ती दचकली. "पप्पा?" त्याने डबा काढून घेतला, झाकण लावलं. अर्शिया पलीकडे तीन-चार पोरींच्यात बसली होती आणि इकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे बघत होती.

"अर्शिया," त्याने हाक मारली, "इकडं ये, बेटा." ती आली, पण हातभर अंतर राखून. राजपालला बसावं लागलं, उभं राहून त्याला बोलता येईना. तो व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून बसला, दोघींच्या समोर. रेणूसमोर तो असाच रोज बसायचा. आजूबाजूची पोरं खाणं थांबवून ऐकायला लागली होती. ऐकू दे, त्याला वाटलं. अर्शियालाही सगळ्यांदेखतच खोटं ठरवलं होतं.

"रेनूनं तुह्या घरी शेवया नाई खाल्ल्या," तो म्हणाला. "तू खरं बोलत होती. तुही अम्मी खरं बोलत होती. गहू माह्या चक्कीतून जात होता. मीच टाकत होतो रोज, मूठभर, चक्की साफ कराले. मले समजलंच नाई. आज समजलं."

अर्शियाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रेणूकडे. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. इतके दिवस साठवलेला राग एकदम कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. "मंग तू काहून बोल्ली शेवया?" तिने रेणूला विचारलं. "तुले मालूम होतं?"

रेणूने पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढली. "भाकर खाल्ली का दुखत जाय," ती अर्शियाला म्हणाली. बोलता बोलता तिने आवाज अगदी खाली नेला, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण बाप हातभर अंतरावर होता. "मामाच्या इथं नाई दुखत जाय. पर पप्पा लय सकाळी उठून दळत ना माह्यासाठी. त्यायले कसं सांगू?"

राजपालला हे ऐकू आलं. त्याला रडू फुटलं, आवाजासकट, शाळेच्या व्हरांड्यात, शे-दीडशे लेकरांसमोर. तोंडावरून ओघळणाऱ्या पाण्याने पिठाचे ओले पट्टे उमटले आणि त्याने ते पुसले नाहीत. रेणू घाबरून त्याच्याकडे सरकली. त्याने तळहात पुढे करून तिला थांबवलं. "नको, माय. माह्या अंगावर गहू आहे."

मग अर्शिया जाऊन आपला डबा घेऊन आली आणि तिने तो रेणूच्या पुढ्यात ठेवला. मुगाची खिचडी होती, वर कांद्याच्या फोडी. तिचा चेहरा अजून फुगलेलाच होता. रेणूने खिचडीकडे पाहिलं आणि सवयीने मान वर करून बापाला विचारलं, "खाऊ का, पप्पा?"

"मले नको इचारू," राजपाल म्हणाला. "अर्शियाले इचार."